बारशीची वारी

(शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी, दिंडीच्या भजनी मंडळातर्फे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)





आम्हाला बोलायची सवय नाही. हातात टाळ असला की आम्ही रात्रभर उभे राहू, पण हातात माईक आला की घाम फुटतो. कार्यक्रमपत्रिकेत आमच्यापुढं ‘दिंडीचे सामाजिक कार्य’ असं छापलंय. ते वाचून आम्ही जरा बिचकलोच. कार्य म्हणावं असं आम्ही काही केलेलं नाही. तालुक्याच्या गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, तिथं जाऊन भजन म्हणतो, एवढंच. पण ते कसं सुरू झालं, त्यात आमचं काय चुकलं, आणि शंभर वर्षं चाललेल्या आपल्या दिंडीनं त्यातून काय घ्यावं, हे तुमच्यापुढं ठेवायला उभे आहोत. गोड करून सांगणार नाही. सप्ताहात उभं राहून खोटं बोलायचं नसतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षातली एकादशी होती. गावातल्या एका सज्जनांना वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त आश्रमात ब्लँकेटं वाटायची होती. ते म्हणाले, नुसतं वाटप नको, भजन पण होऊ द्या. आम्हीही हौसेनं निघालो. टेम्पोत बावीस माणसं, बावीस जोड टाळ, पखवाज, पेटी, दोन मोठे स्पीकर आणि साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं.

आश्रमाचा हॉल तुम्ही पाहिला नसेल. लांबीला आपल्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपाएवढा, पण वर स्लॅब, खाली फरशी, भिंती कोऱ्या. तिथं आवाज जिरत नाही, आदळतो. चाळीसेक म्हातारी माणसं खुर्च्यांवर आणून बसवली होती. आम्ही समोर रांग धरली, स्पीकर लावले आणि रिंगणात वाजवतो तसं वाजवायला लागलो. पेटी काळी चारला, लय चढती, टाळ कडाडून.

पंधरा मिनिटांत काय झालं ते सांगतो. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र उपटून काढलं आणि मुठीत धरलं. दोन आजींनी पदर कानावर घट्ट दाबला. मागं एक बाई रडायला लागली; आम्हाला वाटलं, भक्तीनं रडते. सिस्टर तिला आत घेऊन गेली, तेव्हा कळलं की ती घाबरली होती. बाकीची माणसं बसून होती. उठून जायचं तर कोणीतरी उठवायला लागतं ना त्यांना. आम्ही आपले डोळे मिटून गात होतो.

मग खिचडी वाढायला घेतली, तर सिस्टरनं हात धरला. म्हणाल्या, ‘‘महाराज, यातल्या निम्म्यांना साखर आहे, इन्शुलिन चालू आहे. आणि या चौघांना गिळायला त्रास होतो, साबुदाणा घशात चिकटला तर जीवावर बेतेल.’’ आम्हाला राग आला. एकादशीचा प्रसाद नको म्हणते ही कोण? पण तिचंच बरोबर होतं. आम्ही न विचारता गेलो होतो. न विचारता वाजवलं, न विचारता वाढलं, आणि वर ब्लँकेट देताना एकेकाचा फोटोही काढला.

निघताना एका आजीनं आमच्या मृदंगवाल्याची बाही धरली. हडकुळी, नऊवारी नेसलेली, कपाळावर बुक्का. एवढ्या गोंगाटात तिला मात्र काहीतरी सापडलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘परत कधी?’’

आम्ही म्हणालो, ‘‘येऊ की आजी. लवकर येऊ.’’

माऊली, तो ‘लवकर’ आठ महिन्यांनी आला. मधे माघ वारी झाली, लग्नसराई झाली, ऊस तुटला, पेरण्या झाल्या, आषाढी झाली. कामं कुणाला नसतात? श्रावणात कोणीतरी आठवण काढली म्हणून आम्ही सात-आठ जण गेलो. आजीच्या खाटेवर दुसरंच माणूस होतं. सिस्टर म्हणाल्या, ‘‘त्या वैशाखात गेल्या. पण तुम्ही येऊन गेल्यावर दोन-तीन महिने रोज संध्याकाळी खुर्ची फाटकाकडं तोंड करून लावायला सांगायच्या. भजनवाले येणार आहेत म्हणायच्या.’’

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

आपण वारी वारी म्हणतो. वारी म्हणजे काय? एकदा जाऊन येणं म्हणजे यात्रा. ठरल्या तिथीला पुन्हा जाणं, न चुकता जाणं, याला वारी म्हणतात. पाऊस असो, दुष्काळ असो, घरात लगीन असो. आपल्या पणज्या-आज्यांनी शंभर वर्षं ती तिथी मोडली नाही, म्हणून आज हा मंडप उभा आहे. आणि त्याच दिंडीतल्या आम्ही एका म्हातारीला दिलेला शब्द मोडला. देवाकडं जायची तिथी पाळतो आणि माणसाकडं जायची पाळत नाही, अशी आमची गत झाली होती.

त्याच दिवशी दुसरा धक्का बसायचा होता. सिस्टर म्हणाल्या, ‘‘तुमच्यातलंच एक माणूस आलंय असं वाटतं. गळ्यात माळ आहे. बोलत मात्र नाही.’’ आतल्या खोलीत गेलो. खिडकीशी खाट, तिच्यावर एक माणूस, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. आम्ही ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं. डोळे भरून आले तेव्हा आम्हाला ओळख पटली. आमचे अण्णा होते ते. बावीस वाऱ्या आपल्या दिंडीची वीणा ज्यांच्या गळ्यात होती, ते अण्णा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी दिवे घाटात त्यांच्या मागं पाऊल टाकलंय.

अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. थोरला मुलगा कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, सून शाळेत नोकरीला, धाकटा परगावी. घरी दिवसभर करणारं कोणी नाही. मुलानं वर्षभर ओढलं, मग नाइलाजानं इथं आणलं. त्या मुलाला आम्ही दोष देणार नाही. कुठल्याही आश्रमात जाऊन बघा, सगळेच काही टाकून दिलेले नसतात. कोणाला मूल नाही, कोणाचं मूल स्वतःच साठीचं, कोणाला रात्रंदिवस उचलायला दोन माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींच्या वर होती, आणि तेव्हापासून ती वाढतच आहेत. 2007 च्या कायद्यानं आईबापांना सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकली, आणि त्याच कायद्यात सरकारनं प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार म्हाताऱ्यांची सोय होईल असा आश्रम उभारावा, असंही म्हटलं आहे. म्हणजे आश्रम असणारच. प्रश्न एवढाच, की तिथं गेलेला माणूस आपला राहतो की नाही.

मुलाला दोष देत नाही, पण स्वतःला देतो. अण्णा वारीला यायचे बंद झाले तेव्हा आम्ही काय केलं? वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. तंबूत झोपायला एका माणसाची जागा झाली. कोणीतरी म्हणालं, मुलाकडं गेले असतील. बस्स. पुढं तोच मुलगा आम्हाला भेटला तेव्हा एक वाक्य बोलून गेला. म्हणाला, ‘‘झटका आल्यावर बाबा रोज दाराकडं बघायचे. दिंडीतलं कोणीतरी येईल असं वाटायचं त्यांना.’’ बावीस वाऱ्या ज्यांच्याबरोबर चाललो, त्यांना शोधायला आम्ही बारा किलोमीटर गेलो नाही.

त्या दिवशी आमच्याकडं स्पीकर नव्हता. पेटी होती आणि एकच जोड टाळ. दिवेलागणीची वेळ झाली होती. अण्णांच्या खाटेभोवती बसून आम्ही हरिपाठ धरला. हळू, घरात देवापुढं म्हणतो तसा. तिसऱ्या-चौथ्या अभंगाला आमच्यातला एक जण थांबला आणि त्यानं खूण केली, ऐका. अण्णा म्हणत होते. सिस्टरनं सांगितलं होतं, दीड वर्षात ‘हं’ आणि ‘नाही’ याखेरीज शब्द नाही. तो माणूस शब्दामागं शब्द म्हणत होता. आवाज फाटका होता, उच्चार बोबडे होते, पण शब्द आमच्यापेक्षा पक्के. आमच्यातला एक जण एक चरण चुकला, तर अण्णांनी डोळे वटारले. जुनी सवय!

सिस्टर दारात उभ्या राहून रडत होत्या. आम्हाला वाटलं, चमत्कार झाला. पांडुरंगानं वाचा दिली. हरिपाठ संपला. आम्ही म्हणालो, अण्णा, पाणी हवं का? ते तोंड उघडून बसले. शब्द येईना. डाव्या हातानं तांब्याकडं बोट दाखवलं.

हे असं का होतं, ते पुढं आश्रमात येणाऱ्या वाचा-उपचाराच्या बाईंनी आम्हाला उमजेल असं सांगितलं. बहुतेक माणसांत बोलणं जुळवायची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथं रक्त पोचलं नाही की उजवा हातपाय जातो आणि त्याबरोबर बोलणंही जातं. पण गाणं एकाच जागी नसतं. सूर, ठेका, वर्षानुवर्षं घोटलेलं पाठांतर, यात मेंदूची दुसरी बाजूही कामाला असते. म्हणून बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो. डॉक्टरांना ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे आणि 1970 च्या दशकात तिच्यावरून एक उपचारही बेतला गेला: छोटं वाक्य सुरात म्हणायचं, आणि त्याबरोबर डाव्या हातानं ठेका धरायचा. बाई म्हणाल्या, तुमच्या अण्णांचा डावा हात ठेक्याला पक्का आहे, आपण करून बघू.

मग आमचं तेच काम झालं. हरिपाठ झाला की अण्णांसमोर बसायचं, त्यांचा डावा हात मांडीवर हलकेच आपटायचा, आणि ‘पाणी द्या’ हे दोन शब्द चालीवर म्हणायचे. बाईंनी दाखवलं तसंच, आमच्या मनानं काही नाही. चार महिने गेले. चार महिन्यांनी अण्णांनी सिस्टरकडं पाणी मागितलं. सुरात मागितलं, पण मागितलं. वर्षभरात त्यांना सात-आठ गोष्टी मागता यायला लागल्या. यापुढं गाडी गेली नाही. आम्ही त्याला चमत्कार म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. चमत्कार म्हटला की माणूस हात जोडून घरी जातो. हे रोजच्या रियाजासारखं आहे. करत राहिलं तर थोडं मिळतं.

मुलगा एका रविवारी आला आणि हरिपाठाला मागं उभा राहिला. बाहेर येऊन म्हणाला, ‘‘बाबांचा आवाज दोन वर्षांनी ऐकला.’’ तेव्हापासून तो जास्त वेळा यायला लागला. हरिपाठ त्याला येत नव्हता, तोही शिकला.

आता तुम्ही विचाराल, आम्ही जातो कधी? एकादशीला आता जात नाही. एकादशीला म्हातारी माणसं उपासाला हट्ट धरतात, गोळ्या घ्यायला नको म्हणतात, सिस्टरची तारांबळ उडते. म्हणून दुसऱ्या दिवशी जातो, बारशीला. आपण बारस सोडतो ना, तशी आमची बारस तिथं सुटते. महिन्यातून दोन बारशी, संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा. ही वेळ सिस्टरनीच सांगितली. ज्यांना डिमेन्शिया म्हणतात तो विसरण्याचा आजार आहे, अशी माणसं दिवस मावळताना सैरभैर होतात. घरी जायचंय म्हणतात, फाटक हलवतात, गाईंची धार काढायची राहिली म्हणतात. नेमकी तीच आपली हरिपाठाची वेळ. आपल्या वाडवडिलांनी दिवेलागणीला हरिपाठ का लावला असेल, ते तिथं बसल्यावर थोडं कळतं. त्या वेळी मनाला धरायला काहीतरी लागतं.

वर्षभर चुका करत जे शिकलो ते आता सांगतो, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा त्याच चुका करणार नाही.

पहिली गोष्ट टाळाची. म्हातारपणी कानाला बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठा आवाज मात्र लवकर टोचतो. कानातलं यंत्र बोलण्याबरोबर टाळही मोठा करून देतं. म्हणून हॉलमध्ये एकच जोड टाळ, तोही अलगद टेकवायचा. पखवाज उघड्या पंज्यानं नाही, बोटांनी वाजवायचा. स्पीकर टेम्पोतसुद्धा ठेवायचा नाही.

दुसरी सुराची. आपण वारकरी वरच्या पट्टीत गातो, त्यात आपल्याला अभिमानही आहे. पण ऐंशीच्या माणसाचा आवाज तिथं पोचत नाही, दमही पुरत नाही. आम्ही पेटी काळी एकला आणली आणि प्रत्येक चरणानंतर श्वास घ्यायला जागा ठेवली. पहिल्याच दिवशी फरक पडला. आधी आम्ही गात होतो आणि ती ऐकत होती. आता ती गातात, आणि आम्ही टाळकऱ्यासारखे त्यांच्या मागं ओढतो. सगळ्या गोष्टींत ही मोठी आहे, माऊली. तिथं आपण बुवा व्हायला जायचं नाही, टाळकरी व्हायला जायचं. चाल त्यांची, आपण फक्त झेलायची.

तिसरी बसायची. समोर रांग नाही. त्यांच्यामधे खुर्ची टाकून बसायचं, तोंड दिसेल असं. कमी ऐकणारा माणूस ओठांकडं बघून शब्द धरतो. खोकला-ताप असलेल्यानं त्या दिवशी घरीच राहायचं. बुक्का लावायचा तर विचारून, आणि बोटानं. पुडीतून उधळला की दमेकऱ्याला रात्रभर खोकला. खायला काही न्यायचं नाही. फोटो नाही.

चौथी, विचारायची. आपण धरून चालतो की म्हातारा झाला म्हणजे त्याला भजन आवडणारच. तिथं एक निवृत्त गिरणी कामगार आहेत. पहिल्या भेटीतच म्हणाले, ‘‘मला तुमच्या देवाचं काही नको. आधी विचारा तरी.’’ बरोबर बोलले. जो उठून जाऊ शकत नाही, त्याला विचारल्याशिवाय गाणं ऐकवू नये. आम्ही विचारलं, तुम्हाला काय आवडतं? म्हणाले, ढोलकी. आमचा मृदंगवाला लहानपणी तमाशाच्या कनातीमागं बसून ढोलकी शिकलेला. घरच्यांना चोरून, बरं का! पुढच्या बारशीला त्यानं ढोलकी आणली. हरिपाठ संपल्यावर पाच मिनिटं ढोलकी, हा आता रिवाज झालाय. महाराज, क्षमा असावी. पण ते काका आता हरिपाठ संपायची वाट बघत बाहेर बसतात, आणि कधीकधी शेवटचे दोन अभंग आत येऊन ऐकतात. आम्ही काही म्हणत नाही.

आणि पाचवी गोष्ट आम्हाला आमच्या बायामाणसांनी शिकवली. डिमेन्शिया झालेल्या एक आजी होत्या. मुलाचं नाव आठवेना, गाव आठवेना. हरिपाठालाही ओठ हलत नव्हते. आम्ही सोडून दिलं होतं. एकदा आपल्या दिंडीतल्या तुळशीवाल्या अक्का बरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘या वयाच्या बाया पुरुषांच्या भजनात कधी बसल्या होत्या का? ह्यांना जात्यावरचं विचारा.’’ अक्का आजींच्या समोर बसल्या, त्यांचे दोन्ही हात धरले, जात्याचा खुंटा फिरवावा तसे गोल फिरवले आणि ओवी लावली. दुसऱ्या फेऱ्याला आजींनी पुढची ओळ घेतली. मग त्यांची स्वतःची. विठ्ठल-रुक्मिणीची, भावाची, माहेरच्या वाटेची, एकामागून एक. ओवीत आलेल्या गावावरून सिस्टरला त्यांचं माहेर कळलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून, साथीदारांच्या मदतीनं, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढा ठेवा ज्या पिढीच्या तोंडात होता, ती पिढी आज अशा खाटांवर आहे. आणि आम्ही पुरुष मंडळी त्यांना भजन शिकवायला निघालो होतो! त्या दिवसापासून प्रत्येक बारशीला निदान दोन माऊल्या बरोबर असतात, आणि ओव्यांना वीस मिनिटं असतात. तेव्हा आम्ही पेटी मिटून गप्प बसतो.

काही माणसं हॉलपर्यंत येऊच शकत नाहीत. त्यांच्या खोलीत दोघांनीच जायचं, एकतारी घेऊन. शेवटच्या घटकेला सिस्टर कधी रात्रीही फोन करतात. अशा वेळी काय म्हणायचं, हा प्रश्न पडतो. आम्ही नुसतं नाम घेतो, त्या माणसाच्या श्वासाच्या लयीत. श्वास संथ झाला की नामही संथ. ऐकू जातं का, आम्हाला कळत नाही. हात धरलेला असतो.

आपल्या संप्रदायाचा उगमच कुठं आहे? पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. देव दाराशी आला. पुंडलिकानं वीट भिरकावली, म्हणाला, थांब, हातातलं काम होऊ दे. आणि देव थांबला, विटेवर उभा राहिला. ही कथा आपण किती कीर्तनांत ऐकली असेल! पण ऐकताना आपण नेहमी देवाकडं बघतो. खोलीत आत झोपलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांकडं कोण बघतं? चालणाऱ्यांची दिंडी आपण शंभर वर्षं सांभाळली. ज्यांचं चालणं संपलं, त्यांची नोंद आपल्या वहीत नाही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक वही केली. मागच्या वीस वर्षांत जे नेमानं चालले आणि नंतर दिसेनासे झाले, त्यांची नावं जुन्या भिशीच्या आणि शिध्याच्या याद्यांवरून काढली. एकोणीस नावं निघाली. घरोघर विचारत गेलो. सहा जण वारले होते, आणि त्यातल्या दोघांचं आम्हाला कळलंही नव्हतं. दहा जण घरी आहेत, तिघं अंथरुणाला खिळलेले. दोन आश्रमांत आहेत. एकाचा पत्ता लागला नाही, शोधतोय. जे घरी आहेत त्यांच्याकडंही आता पाळीनं जातो. एका घरी आम्ही ओसरीवर बसलो, तर आतून आवाज आला, ‘‘कोण, दिंडी आली का?’’ आषाढीची नव्हती, पण होय म्हणालो. दिंडीच होती ती.

आता अण्णांचं सांगून संपवतो. दोन वर्षांपूर्वी आळंदीला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दिंडीची वीणा आश्रमात नेली. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. आजच्या विणेकऱ्यांनी ती अण्णांच्या गळ्यात घातली आणि पाया पडले. अण्णांना वाकता येईना. त्यांनी डावा हात विणेकऱ्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि मग त्याच हातानं तार छेडली. हॉलमधल्या सगळ्यांनी वीणेला हात लावला. ढोलकीवाल्या काकांनीपण लावला.

वारीहून परत आल्यावर आम्ही चंद्रभागेचं पाणी, बुक्का आणि तुळशीची माळ घेऊन गेलो. अण्णांनी सगळी वाट ऐकून घेतली. जेजुरी, नीरेचं स्नान, चांदोबाचा लिंब, वाखरी. मुक्काम चुकला की मान हलवायचे.

गेल्या चैत्रात अण्णा गेले. खांद्याला मुलगा होता आणि आम्ही होतो. त्यांच्या खाटेवर आता दुसरे एक आजोबा आहेत. ते वारकरी नाहीत. त्यांना नाट्यसंगीत आवडतं, आणि आमच्या पेटीवाल्याची त्यासाठी तयारी चालली आहे. गेल्या वर्षीही वीणा प्रस्थानाआधी आश्रमात गेली. यापुढंही जाईल, असा ठराव या शताब्दीत दिंडीनं करावा, अशी आमची विनंती आहे. वही दिंडीची व्हावी, मंडळाची नको. आणि बाहेरगावच्या ज्या दिंड्यांची मंडळी आज इथं आली आहेत, त्यांनी घरी गेल्यावर आपापल्या जुन्या याद्या काढून बघाव्यात. पैसे लागत नाहीत. टेम्पोचं डिझेल लागतं. आम्ही सोळा जण आहोत, चौघांची पाळी लावली आहे. ज्याला जमत नाही त्यानं दुसऱ्याला सांगायचं, पण बारस चुकवायची नाही. ज्यांना शब्द पाळता येणार नाही त्यांनी कृपा करून शब्द देऊ नये. फाटकाकडं तोंड करून बसलेली खुर्ची आम्ही एकदा रिकामी झालेली पाहिली आहे.

आश्रमातल्या सिस्टर आणि रात्रपाळीच्या मावशी आज इथं येऊ शकल्या नाहीत, त्यांची ड्युटी आहे. आम्ही महिन्यातून दोनदा तासभर जातो. त्या रोज असतात. त्यांना या मंडपातून दंडवत.

पुढच्या बारशीला टेम्पो दुपारी साडेचारला मारुतीच्या देवळापासून निघेल. दोन जागा रिकाम्या आहेत. टाळ आणू नका. हरिपाठ पाठ असला तर बरं, नसला तरी या. तिथं शिकवणारे आहेत.

राम कृष्ण हरी.